वाचनालयाची 'तालिका' की 'सूची'?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या एका वाचनालयातून विचारणा आली आहे. पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढवायचं काम सुरू आहे, त्याला 'सूची' म्हणावं की 'तालिका'? कन्नडमधून शिकलेले ग्रंथपाल 'सूचीकरण' म्हणतात, जुने वाचक 'यादी' म्हणतात. शिवाय नव्या नियमांत 'मुख्य नोंद' हा शब्द का सापडत नाही?

मराठीत 'तालिका'च लिहा. कन्नड-हिंदीत 'सूचीकरण' रूढ आहे आणि तिथं ते योग्यच आहे. पण मराठीत 'सूची' आधीच दुसऱ्या कामाला लागली आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची नोंद केली, ती 'मराठी ग्रंथ सूची'. पुस्तक कुणाच्या कपाटात आहे, याच्याशी तिला कर्तव्य नाही. तालिका मात्र आपल्या वाचनालयात काय आहे आणि ते कुठं मिळेल, तेवढंच सांगते. हा फरक मोलाचा आहे, तो पुसू देऊ नये. 'यादी' म्हणायचंच तर दाखल नोंदवहीला म्हणा, म्हणजे पुस्तकं येतील तशी क्रमानं टिपायच्या वहीला.

'मुख्य नोंद' हा शब्द कार्डांच्या काळात घट्ट रुजला. एका कार्डावर सगळा तपशील लिहायचा, बाकीच्यांवर थोडक्यात. त्यातही तालिका करण्याच्या आंग्ल-अमेरिकन नियमांत ही नोंद शक्यतो लेखकाच्या नावानं सुरू होई, तर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३४ च्या संहितेत वर्गांकानं, म्हणजे पुस्तकाच्या विषयानुसार दिलेल्या क्रमांकानं. संगणकावर कुठूनही शोधलं तरी पूर्ण नोंद समोर येते, म्हणून २०१० मध्ये आलेल्या 'आरडीए' (रिसोर्स डिस्क्रिप्शन अँड अ‍ॅक्सेस) या तालिकेच्या नव्या नियमांनी तो शब्दच सोडला.

नाव कसं लिहायचं, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही, आणि आपल्या भागात तो रोजचा आहे. कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा यांच्या नावात संतेशिवर हे गाव, लिंगण्णय्या हे वडील; 'भैरप्पा' हे त्यांचं स्वतःचं नाव. नोंद त्यावरच होते, पण ते आडनाव आहे म्हणून नव्हे. द. रा. बेंद्रे यांनी कविता कन्नडमध्ये लिहिली, तरी 'बेंद्रे' हे आडनावच. म्हणजे भाषा पाहून भागत नाही, नावाची घडण पाहावी लागते.

पुढची दिशा मला फार आश्वासक वाटते. २०१७ च्या 'एलआरएम' (लायब्ररी रेफरन्स मॉडेल) या ग्रंथालयीन नोंदींच्या प्रारूपात कृती वेगळी आणि तिची भाषांतरं ही त्या कृतीची रूपं धरली आहेत. भैरप्पांची कन्नड कादंबरी 'पर्व' आणि उमा कुलकर्णी यांनी केलेला मराठी अनुवाद एकाच कृतीखाली जोडता येतात. दोन भाषांचे वाचक एकाच दारातून आत येतात त्या वाचनालयाला याहून उपयोगी काय असेल?

एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या पुस्तकाच्या शीर्षकपानावर 'बेळगांव' छापलं असेल, तर प्रकाशनस्थळ तसंच उतरवा. २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बदललं; त्यानंतरच्या पुस्तकावर 'बेळगावी' असेल तर तेही तसंच. विषयाच्या मथळ्यासाठी मात्र एकच रूप ठरवा आणि बाकीच्या रूपांवरून त्याकडे 'पाहा' नोंद द्या.