वाचकांचे प्रश्न : शरदातील परसू, कोंबड्या आणि स्वयंपाकघर

प्रश्न : बदलापूरजवळ आमचे बैठे घर असून मागे लहानसे परसू आहे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातील पिल्लांपासून वाढवलेल्या गावठी आणि गिरिराज कोंबड्या गणेशोत्सवापर्यंत नियमित अंडी देत होत्या. दसऱ्यापासून मात्र त्यांची पिसे झडू लागली, मानेची कातडी दिसू लागली आणि अंडी जवळजवळ थांबली. शेजारी औषध द्यायला सांगतात, तर एका परिचिताने रात्री खुराड्यात दिवा लावण्याचा सल्ला दिला आहे. काय करावे?

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा रोग नसून वार्षिक पीसगळ असावी. कोंबडी साधारण दीड वर्षाची झाली की पहिल्या शरदात जुनी पिसे टाकून नवी धरते आणि त्या दोन-तीन महिन्यांत अंडी बहुधा थांबतात. याचे मुख्य कारण दिवसाची लांबी हे आहे. आपल्या ठाणे परिसरात जूनच्या अखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, ऑक्टोबरच्या मध्यावर तो बारा तासांच्या आत येतो आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात जेमतेम अकरा तासांवर उतरतो. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. उजेड कमी होऊ लागला की तिचे शरीर अंड्यांवरचा खर्च थांबवून पिसांकडे वळते.

तरीही खात्री करून घ्यावी. पीसगळ डोके व मान येथून सुरू होऊन छाती, पाठ, पंख आणि शेपटी अशी क्रमाने खाली उतरते आणि उघड्या कातडीवर नव्या पिसांच्या निळसर सुया दिसतात. सुया नसतील, केवळ पाठीवरच टक्कल पडले असेल आणि कळपात कोंबडा असेल, तर ते त्याच्या नख्यांचे काम समजावे. विष्ठाद्वाराभोवतीची पिसे तुटकी व मळकट दिसत असतील, तर रात्री बॅटरी घेऊन तेथे उवा आणि बसण्याच्या काठीच्या सांध्यांत बारीक लाल किडे आहेत का ते पाहावे. पावसाळ्यानंतर या दोन्हींचा उपद्रव वाढलेला असतो. कोंबडी मान वाकडी करत असेल, हिरवट हगत असेल किंवा खाणेपिणे सोडून कोपऱ्यात बसली असेल, तर मानमोडी या कोंबड्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची शंका घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

आता आहाराविषयी, कारण खरी चूक तेथेच होते. अंडी बंद झाली की घरची माणसे खाद्यही कमी करतात आणि कोंबड्यांना नुसत्या कणीवर ठेवतात. पिसे जवळजवळ संपूर्ण प्रथिनांची बनलेली असतात, तर तांदळाच्या कणीत प्रथिने सात-आठ टक्केच असतात. म्हणजे गरज सर्वाधिक असताना आपण पुरवठा निम्म्यावर आणतो. या काळात अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्याऐवजी वाढीच्या पिल्लांचे, सुमारे वीस टक्के प्रथिने असलेले खाद्य द्यावे. सोबत थोडा सुका जवळा चालतो, मात्र तो खारवलेला नसावा आणि अंडी पुन्हा सुरू झाल्यावर त्याचे प्रमाण कमी करावे, नाहीतर अंड्यांना मासळीचा वास लागतो. शेंगदाण्याची पेंड उत्तम, पण पावसाळ्यात ओल लागलेली, बुरशीचा वास येणारी पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. त्या बुरशीचे विष कोंबडीचे यकृत निकामी करते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, ज्या कोंबडीला हवा ती तो खाते. अंड्याचे कवच तयार व्हायला सुमारे वीस तास लागतात आणि त्यातले बरेचसे काम रात्री चालते, म्हणून अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी चुऱ्याचे भांडे संध्याकाळच्या खाण्याआधी भरलेले असावे.

दिव्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. अंड्यांचा व्यवसाय करणाऱ्याला त्याचा हिशेब मांडावा लागतो, परंतु घरच्या आठ-दहा कोंबड्यांना पीसगळीच्या मध्यावर दिवा लावून अंड्यांवर आणू नये. ही विश्रांती पूर्ण मिळालेली कोंबडी पुढे चांगल्या कवचाची अंडी देते. औषधाचेही तसेच. जंतनाशक देण्याची वेळ पावसाळ्यानंतर येते हे खरे, पण ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे आणि अंडी किती दिवस खाऊ नयेत हे त्याच वेळी विचारून घ्यावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात अर्धवट पिसांच्या कोंबड्यांना उन्हाचा चटका बसतो, तेव्हा सावलीत मातीच्या भांड्यात पाणी ठेवून ते दिवसातून दोनदा बदलावे. खुराड्यातले पावसाळ्याचे ओले तूसही दिवाळीच्या साफसफाईची वाट न पाहता आत्ताच काढून टाकावे. नव्या सुया दुखऱ्या असतात, त्यामुळे या दिवसांत कोंबडीला विनाकारण हातात धरू नये.

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो आणि शहापूरच्या माहेरून अंडी येतात. नवरात्रात घरी कोणी अंडी खात नाही, त्यामुळे बरीच साठतात. ती कशी ठेवावीत? शिवाय घरच्या ताज्या अंड्यांची साल नीट निघत नाही आणि रश्श्यासाठी अंडी खडबडीत होतात.

उत्तर : अंडे धुऊन साठवू नये. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो धुतला की कवचाची सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात. माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी आणि अंडी निमुळते टोक खाली ठेवून फ्रीजच्या आतल्या कप्प्यात ठेवावीत. दारातील कप्प्यात तापमान सतत बदलते. अशी अंडी तीन-चार आठवडे सहज टिकतात. शंका आल्यास पाण्यात सोडून पाहावे. ताजे अंडे तळाशी आडवे राहते, जुने उभे राहते आणि तरंगणारे टाकून द्यावे.

सालीचे उत्तर आपल्या साठवणीतच आहे. ताज्या अंड्याचा पांढरा बलक आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. दिवस जातात तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचातून बाहेर पडतो, बलक अधिक अल्कधर्मी होतो आणि पकड सुटते. म्हणून रश्श्यासाठी आठवडाभर ठेवलेली अंडी घ्यावीत आणि ताजी अंडी पोळ्यासाठी किंवा भुर्जीसाठी राखावीत. ताजीच उकडायची असतील तर ती थंड पाण्यात न घालता उकळत्या पाण्यात सोडावीत आणि नंतर गार पाण्यात टाकावीत.

प्रश्न : अंडी बंद झालेली जुनी गावठी कोंबडी रश्श्यात शिजता शिजत नाही. काही उपाय?

उत्तर : जुन्या कोंबडीच्या मांसात चिवट तंतू पक्के झालेले असतात, ते मंद आचेवर हळूहळूच विरघळतात. कापल्यानंतर मांस लगेच शिजवू नये. एक रात्र फ्रीजमध्ये ठेवले की त्याचा ताठरपणा जातो. कच्च्या पपईचा चमचाभर कीस तासभर लावून ठेवावा, अधिक लावल्यास वरचे मांस पिठूळ होते. हळद, आले-लसूण आणि मीठ लावून आधी पाण्यात मऊ शिजवावे, मगच भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण घालावे. वाटण सुरुवातीलाच पडले तर मांस शिजण्यापूर्वी ते तळाला लागते. कोकम शेवटी घालावे. तांदळाच्या भाकरीबरोबर या रश्श्याची चव कोवळ्या कोंबडीला येत नाही, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात आणि ते मलाही पटते. जंतनाशक दिलेली कोंबडी मात्र सांगितलेली मुदत संपेपर्यंत कापू नये.

प्रश्न : दिवाळीचा उरलेला फराळ कोंबड्यांना द्यावा का?

उत्तर : नाही. चिवडा, शेव आणि चकलीत मीठ व तेल भरपूर असते, आणि कोंबडीला मिठाचा अतिरेक घातक ठरतो. लाल भोपळ्याच्या बिया, काकडीची साले, पालेभाजीची देठे खुशाल द्यावीत. फटाक्यांच्या रात्री खुराड्यावर जाड गोणपाट टाकावे, पण हवेला वाट ठेवावी.

प्रश्न : ऐरोलीत खाडीपासून जवळच आमचे जुने घर आहे. या दिवसांत स्थलांतरित पक्षी येतात. आमच्या बदकांना आणि कोंबड्यांना त्यांच्यापासून धोका आहे का?

उत्तर : धोका आहे, पण तो आवरता येतो. बर्ड फ्लूचे विषाणू पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून पसरू शकतात आणि बदके वरकरणी निरोगी दिसतानाही ते बाळगू शकतात. आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे, फेब्रुवारी 2022 मध्ये या रोगाने कोंबड्या दगावल्या होत्या. बदकांना खाडीकाठी मोकळे सोडू नये, त्यांना कोंबड्यांपासून वेगळे ठेवावे आणि खाद्य-पाणी छपराखाली, बारीक जाळीच्या आत द्यावे. खाडीवर घातलेली चप्पल खुराड्यात नेऊ नये. दोन-चार कोंबड्या एकाएकी मेल्या तर त्या उघड्या हातांनी उचलू नयेत, खाडीत टाकू नयेत आणि शिजवू तर मुळीच नयेत; पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवून त्यांचा माणूस येईपर्यंत उरलेले पक्षी आतच कोंडून ठेवावेत. निरोगी पक्ष्यांची अंडी आणि मांस पूर्ण शिजवलेले असेल तर ते खाण्यास हरकत नाही.