वाचक विचारतात : प्लाझ्माच्या चित्रातले पांढरे ठिपके

प्रश्न : टोकामॅकमधल्या (अतितप्त विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकांनी कोंडून अणूंचा संयोग घडवू पाहणाऱ्या यंत्रातल्या) प्लाझ्माच्या चित्रफितीत मध्येच पांढरे ठिपके चमकतात. ते किरणोत्सर्गामुळे येतात असं वाचलं. मग कॅमेरा खराब झाला असं समजायचं का? — एक विद्यार्थिनी, रावपुरा, वडोदरा

उत्तर : एकाच फ्रेममध्ये दिसून पुढच्या फ्रेममध्ये गेलेला ठिपका म्हणजे बिघाड नव्हे. गॅमा किंवा क्ष-किरणाने सेन्सरच्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे केले, एवढंच. गांधीनगरच्या ‘आदित्य-यू’ या टोकामॅकमध्ये प्लाझ्मा मुख्यतः हायड्रोजनचा असतो. तिथे न्यूट्रॉनपेक्षा जास्त त्रास होतो तो सुसाट सुटलेले इलेक्ट्रॉन लिमिटरवर (प्लाझ्माची कड रोखणाऱ्या अडसरावर) आपटून निघणाऱ्या कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, क्ष-किरणांचा.

जागचा न हलणारा ठिपका मात्र गंभीर आहे. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या (हायड्रोजनच्या दोन जड प्रकारांच्या) संयोगातून 14.1 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (मेगा म्हणजे 10 लाख) ऊर्जेचा न्यूट्रॉन निघतो. तो समोरासमोर आदळला तर सिलिकॉनच्या अणूला सुमारे 1.9 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट देऊ शकतो, आणि अणू जागेवरून उखडायला 20-25 इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. उखडलेला अणू पुढच्या शेकडो अणूंना ढकलतो. स्फटिकात असा दोष राहिला की तिथून उजेड नसतानाही इलेक्ट्रॉन झिरपतात आणि तो पिक्सेल कायमचा ‘हॉट’ होतो.

ओळखायचं असं : शॉटच्या (प्लाझ्मा पेटवण्याच्या एका फेरीच्या) आधी आणि नंतर लेन्सवर झाकण लावून 20-30 फ्रेम घ्या. एक्स्पोजर आणि गेन (संकेत किती पट वाढवायचा ते) तेच ठेवा. प्रत्येक पिक्सेलचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातली मधली किंमत, काढा. सरासरी नको, कारण एखादा भटका कण सरासरी फुगवतो. आधीचा आणि नंतरचा असे मध्यकांचे दोन्ही नकाशे ताडून पाहिले की नवे हॉट पिक्सेल लगेच दिसतात. सेन्सरचं तापमानही नोंदवा. दर 6 ते 8 अंशांना अंधारातला प्रवाह (उजेडाविना झिरपणारे इलेक्ट्रॉन) दुप्पट होतो. जानेवारीतल्या सकाळचा नकाशा वडोद्याच्या मे महिन्यातल्या दुपारी वापरलात, तर चांगला सेन्सरही बिघडलेला वाटेल.

काही पिक्सेल तर दोन पातळ्यांमध्ये उड्या मारतात. त्यांच्यातून ठरावीक आकडा वजा करून उपयोग नाही. तिथे शेजारच्या पिक्सेलांचा मध्यक भरावा.

आणखी एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं. सेन्सर शाबूत असतो, पण आतल्या मेमरीतला एखादा बिट उलटतो आणि कॅमेरा थिजतो. शॉट चालू असताना आत जाता येत नाही, म्हणून वीज दुरून तोडून पुन्हा जोडणारा रिले हवाच. पुरवठ्याला प्रवाहमर्यादाही हवी, कारण कणाच्या आघाताने एखादी चिप ‘लॅच-अप’मध्ये अडकली तर ती भरमसाट प्रवाह ओढून जळते.

प्रश्न : कॅमेऱ्याभोवती शिशाची पेटी केली तर भागेल का?

उत्तर : नुसत्या शिशाने नाही. शिसं गॅमा अडवतं, पण शिशाच्या जड केंद्रकावरून लवचीकपणे उसळणारा न्यूट्रॉन आपली 2 टक्केही ऊर्जा गमावत नाही. त्याला मंदावायला हायड्रोजन लागतो. पॉलिथिलीन या प्लास्टिकमध्ये तो भरपूर असतो. म्हणून बाहेर बोरॉन मिसळलेलं पॉलिथिलीन आणि आत कॅमेऱ्याजवळ शिसं, हा क्रम ठेवावा. बोरॉन न्यूट्रॉन गिळतो तेव्हा 0.48 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा बाहेर टाकतो. तो आतल्या शिशाने अडवायचा. क्रम उलटा केला तर हा गॅमा थेट सेन्सरवर येतो.

तरी लेन्ससमोरचं भोक उघडंच राहतं. खरा उपाय म्हणजे आरशांनी प्रकाश वळवून कॅमेरा भिंतीपलीकडे नेणं. प्रकाश वळतो, न्यूट्रॉन बहुतांशी सरळ जाऊन भिंतीत अडकतात. इंग्लंडमधल्या ‘जेट’ या टोकामॅकमध्ये अलीकडच्या ट्रिटियम प्रयोगांसाठी कॅमेरे असेच काँक्रीटच्या भिंतीबाहेर हलवले होते, तिथे 2021 मध्ये 59 आणि 2023 मध्ये 69 मेगाज्यूल ऊर्जा निघाली. वाटेतल्या लेन्सा साध्या काचेच्या नकोत, त्या किरणोत्सर्गाने तपकिरी पडतात. फ्यूज्ड सिलिका किंवा सेरियमयुक्त काच वापरतात.

प्रश्न : हॉट पिक्सेल पुन्हा बरे होतात का?

उत्तर : काही होतात. खोलीच्या तापमानाला आठवडाभर ठेवल्यावरही थोडे निवळतात, गरम केल्यास आणखी. पण रंगीत सेन्सर भट्टीत घालू नका. त्यावरचे फिल्टर, सूक्ष्म लेन्सा आणि गोंद आधी जातात. सेन्सर थंड ठेवून चालवला तर दोष जात नाहीत, मात्र त्यांची चमक पुष्कळ उतरते.