'डिड' आलं की 'ईडी' गेलं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी इंग्रजीच्या नियमित क्रियापदांबद्दल आहेत, म्हणजे भूतकाळात ज्यांना नुसतं 'ईडी' लागतं त्यांच्याबद्दल. (वर्तमानपत्रातली ईडी वेगळी.)

प्रश्न : आमचा होमस्टे आहे. पाहुणे जेवून उठले की मी विचारते, 'डिड यू लाइक्ड द फिश करी?' मुलगी म्हणते, आई, हे चूक आहे. पण जेवण तर होऊन गेलं, मग भूतकाळच नको का? (तारकर्ली)

काळ भूतकाळच हवा, पण तो 'डिड'मध्ये आलेला आहे. 'डिड यू लाइक द फिश करी?' असं विचारा. इंग्रजी वाक्यात काळाची खूण एकदाच लागते, आणि ती पहिल्या क्रियापदावर. प्रश्न किंवा नकार करायचा तर 'डू'ला मदतीला बोलवावं लागतं. मग खूण त्याच्या अंगावर जाते, 'डू'चं 'डिड' होतं आणि 'लाइक' मूळ रूपात राहतं. मराठीत 'आवडली'ला 'का' जोडला की प्रश्न होतो, 'नाही' लावलं की नकार. क्रियापदाला कुणी हात लावत नाही. तीच सवय इंग्रजीत 'डिडन्ट लाइक्ड' करायला लावते.

वर्तमानकाळातही हेच. 'शी कुक्स', पण 'डझ शी कुक?' तो 'एस' हरवला नाही, 'डझ'मध्ये गेला. 'विल', 'कॅन', 'मस्ट' यांच्यानंतरही मूळ रूपच येतं.

खरं तर इंग्रजी क्रियापद आपल्यापेक्षा आळशी आहे. आपल्याकडे सोलकढी आवडली, बोंबील आवडला, तिसऱ्या आवडल्या. इंग्रजीत तिन्हींना 'लाइक्ड'. नियमित क्रियापदाची रूपं चारच : कुक, कुक्स, कुकिंग, कुक्ड. बाकी सगळे काळ मदतनीस बदलून होतात. 'ॲम', 'वॉज', 'विल बी', 'हॅव बीन' यांच्यापुढे 'कुकिंग' लावा; 'हॅव', 'हॅड', 'विल हॅव' यांच्यापुढे 'कुक्ड'. शाळेत पाठ केलेल्या तक्त्यातला दुसरा आणि तिसरा रकाना या क्रियापदांना एकच असतो.

प्रश्न : परराज्यातल्या व्यापाऱ्याला मेसेज केला, 'आय हॅव पॅक्ड 20 बॉक्सेस यस्टरडे.' पुतण्याने 'हॅव' खोडायला सांगितलं. 'काल 20 पेट्या भरल्या आहेत' हे तर आपण सर्रास बोलतो. (देवगड)

मराठीत चालतं, इंग्रजीत नाही. 'हॅव' आला की गोष्टीचा धागा आत्ताच्या क्षणाला बांधलेला असतो. 'यस्टरडे' म्हटलं की तो दिवस संपलेला. दोघं एका वाक्यात नांदत नाहीत. म्हणून एक तर 'आय पॅक्ड 20 बॉक्सेस यस्टरडे', नाही तर दिवस न सांगता 'आय हॅव पॅक्ड 20 बॉक्सेस'. 'लास्ट वीक', 'ऑन मंडे', 'टू डेज ॲगो' हे सगळे 'यस्टरडे'च्याच घरचे. 'जस्ट', 'ऑलरेडी', 'सिन्स फ्रायडे' यांच्याशी मात्र 'हॅव'चं जमतं.

'धिस सीझन' हा शब्द तुमच्या धंद्यात फार येईल. मोसम चालू आहे तोवर 'वी हॅव पॅक्ड 200 बॉक्सेस धिस सीझन'. पाऊस लागला, कलमांवर फळ उरलं नाही, की तेच वाक्य 'वी पॅक्ड'.

आणि 'हॅड' जपून वापरा. 'व्हेन द टेम्पो अराइव्ह्ड, वी हॅड पॅक्ड द बॉक्सेस' म्हणजे टेम्पो यायच्या आधीच पेट्या तयार होत्या. 'हॅड' काढलात तर टेम्पो आल्यावर भरायला घेतल्या, असा अर्थ होतो. उशिरावरून वाद झाला तर एवढा एक शब्द महागात पडेल.

प्रश्न : मी दहावीत आहे. 'स्टॉप'ला 'पी' दोन आणि 'कुक'ला 'के' एकच का? आणि 'वॉश्ड' म्हणायचं की 'वॉशेड'? (चिपळूण)

आधी उच्चार. मूळ शब्दाचा शेवटचा आवाज काढताना बोटं गळ्याला लाव. कंप जाणवला नाही तर 'ट' : वॉश्ट, कुक्ट, पॅक्ट. जाणवला तर 'ड' : क्लीन्ड, स्टेड. शब्दाच्या शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तरच 'इड' : वेटिड, नीडिड. म्हणजे 'वॉशेड' नाहीच. (वरच्या उत्तरांत आम्ही स्पेलिंगकडे बघून 'कुक्ड', 'पॅक्ड' लिहिलं, बोलताना तिथे 'ट' येतो.)

आता स्पेलिंग. शेवटी एकच स्वर आणि त्यापुढे एकच व्यंजन असेल तर व्यंजन दुप्पट होतं : स्टॉप, प्लॅन. 'कुक'मध्ये 'ओ' दोन आहेत, 'पॅक'च्या शेवटी 'सी' आणि 'के' अशी दोन व्यंजनं आहेत, म्हणून तिथे काही वाढत नाही. डब्ल्यू, एक्स आणि वाय कधीच दुप्पट होत नाहीत. शब्द लांब असेल तर जोर कुठे पडतो ते ऐक. 'प्रिफर'मध्ये जोर शेवटी, म्हणून 'आर' दोन. 'व्हिजिट'मध्ये सुरुवातीला, म्हणून 'टी' एकच. 'ट्रॅव्हल' हा नियम मोडतो : ब्रिटिश पद्धतीत 'एल' दोन, अमेरिकन पद्धतीत एक. आपल्याकडे ब्रिटिश पद्धत रुळली आहे, तीच धर.

'वाय'च्या आधी व्यंजन असेल तर 'वाय'चा 'आय' होतो. मासे सुकवले म्हणजे 'ड्राइड', त्यात डी-आर-आयनंतर ईडी. पण 'ड्राइंग'मध्ये 'वाय' जागेवरच राहतो. 'स्टे'मध्ये 'वाय'च्या आधी स्वर आहे, तिथे काहीच बदलत नाही.

प्रश्न : दुकानात येणारे काही जण 'आय ॲम वॉन्टिंग टू किलो कॅश्यूज' म्हणतात. बरोबर आहे का? (वेंगुर्ला)

नाही. 'हवे आहेत'मधला 'आहेत' तिथे 'ॲम' होऊन घुसतो. 'आय वॉन्ट' पुरे. अदबीने बोलायचं तर 'आय वुड लाइक'. 'नीड', 'बिलॉन्ग' यांनाही एरवी 'आयएनजी' लावत नाहीत. काजू मात्र द्या, समजलं तर आहेच.