आधी घर गरम करून घ्या, मग हलव्याला बसा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न वाचला. ऑक्टोबरात पुण्याहून टोरोंटोला आलात, चौदावा मजला, नवरा सकाळीच कामावर, घरात तुम्ही, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. जानेवारी-फेब्रुवारी घरातल्या घरात मजेत कसे काढायचे, असं विचारलंय. इतरांनी मालिका, विणकाम, केक, कोडी असं बरंच सुचवलंय, ते ठीकच आहे. मी मात्र तुमच्या एका वाक्यापाशी अडकलो. तुम्ही ते जाताजाता लिहून टाकलंय: "दिवसभर आम्ही तिघंही स्वेटर-मोजे घालून गोधडीत असतो."

हे वाक्य आमच्या घरात एका हिवाळ्यात रोज बोललं जायचं, म्हणून लिहायला बसलो. टोरोंटोत बाहेर उणे वीस असलं तरी घरात अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात वावरता आलं पाहिजे. तसं होत नसेल तर घर थंड आहे आणि ते गरम ठेवणं घरमालकाचं काम आहे. या शहराचा नियमच आहे: थंडीच्या काळात भाड्याच्या घरात किमान २१ अंश सेल्सियस राखायचं. जिथे हीटिंग आपल्या हातात आहे आणि बिलही आपण भरतो, तिथली गोष्ट वेगळी. पण चौदाव्या मजल्यावर राहता म्हणजे बहुतेक इमारतीचा सामायिक बॉयलर असणार, असं मी धरून चालतोय.

आम्ही साताऱ्याहून आलो होतो. सोबत आई. बैठकीच्या खोलीत खिडकीखालचा रेडिएटर (बॉयलरच्या उष्णतेने खोली तापवणारं लोखंडी यंत्र) कोमट लागायचा, आतल्या खोलीतला तर गारच. तळमजल्यावर इमारतीचं व्यवस्थापन कार्यालय. नाव लिहीत नाही, त्याने तुम्हाला काही फायदा नाही. तिथे गेलो की काचेपलीकडची व्यक्ती वर्क ऑर्डर, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, भरून घ्यायची. काही दिवसांनी एक माणूस यायचा, रेडिएटरला हात लावायचा, "वॉर्म आहे" म्हणायचा आणि जायचा. मागोमाग ईमेल: तक्रार निकाली. पुन्हा गेलो तर म्हणे, तुम्ही गरम देशातून आलात, पहिल्या वर्षी असं वाटतंच, होईल सवय. हे अगदी गोड हसून सांगितलं जायचं, त्यामुळे भांडताही येईना. एकदा तिथेच सल्ला मिळाला की विजेचा हीटर विकत घ्या. घेतला. मग विजेचं बिल आलं. ते घेऊन खाली गेलो तर उत्तर मिळालं की करारानुसार असे हीटर वापरायला मुळात परवानगीच नाही.

या सगळ्यात आईचे गुडघे धरले. तिचं परतीचं तिकीट एप्रिलचं होतं, ते अलीकडे ओढून ती फेब्रुवारीतच गेली. शेजारच्या गयानीज (दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या) आजींनी ३११ ला, म्हणजे शहराच्या मदत क्रमांकाला, फोन करायला सांगितलं तेव्हा ती सातारला पोचलीसुद्धा होती. शहराचा निरीक्षक आला, तापमान मोजलं, कार्यालयाला नोटीस गेली आणि त्याच आठवड्यात आमच्या रेडिएटरचा अडकलेला व्हॉल्व्ह बदलला गेला. काम अर्ध्या तासाचं. मला आजही त्या बिलापेक्षा त्या अर्ध्या तासाचा राग जास्त येतो.

तेव्हा आधी हे करा. दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर आणा, आर्द्रता दाखवणारा मिळाला तर उत्तम. खिडकीच्या काचेशी ठेवून मोजू नका, ते मान्य होत नाही. खोलीच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर ठेवा आणि सकाळ-रात्र फोटो काढत चला. कार्यालयाला तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि प्रत ठेवा. तीन किंवा जास्त मजले आणि दहा किंवा जास्त घरं असलेल्या भाड्याच्या इमारती २०१७ पासून शहराच्या 'रेंटसेफ-टीओ' कार्यक्रमाखाली येतात. त्यात हीटिंग बंद पडणं ही तातडीची तक्रार धरली जाते आणि घरमालकाला तिला २४ तासांत प्रतिसाद द्यावा लागतो. नाही दिला की ३११. फोनवर इंग्रजीचा संकोच वाटला तर दुभाष्या मागा, मिळतो. मी वकील नाही, तुमचा करार मी पाहिलेला नाही आणि मिसिसागा-ब्रॅम्प्टन या शेजारच्या शहरांचे नियम वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवून वाचा. भाडं अडवून धरण्याचा सल्ला कुणी दिला तर मात्र ऐकू नका, त्यात घर जाऊ शकतं.

तोवर खिडक्यांना पारदर्शक फिल्म लावा. हार्डवेअरच्या दुकानात पाकीट मिळतं: चौकटीला दुहेरी चिकटपट्टी, तिच्यावर फिल्म, मग हेअरड्रायरने ताणायची. सुरकुत्या समोर विरघळताना बघायला चार वर्षांच्या मुलाला फार मजा येते, म्हणजे एक दुपार अशीच गेली. विजेचा हीटर लावलाच तर थेट भिंतीतल्या सॉकेटला, एक्स्टेन्शनवर नको आणि गोधडीजवळ तर नकोच. ओव्हनचं दार उघडं टाकून घर गरम करणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका. गॅसचा ओव्हन असेल तर जिवावर बेतू शकतं.

आता तुमचा खरा प्रश्न. माझं मत थोडं हट्टी आहे, पटलं नाही तर सोडून द्या. दर तासाला मुलाला नवीन काहीतरी द्यायचं, या नादाला लागलात की आठवड्यात दमाल. घरात एकच लांबण लावणारं काम काढा. चार-आठ दिवस चालेल असं, रोज थोडं पुढे सरकणारं आणि शक्यतो थंडीतच जमणारं. आणि ते सासूबाईंच्या ताब्यात द्या. पुण्यात त्यांना दिवसभर दहा कामं होती, दारात दोन माणसं बोलायला होती. इथे शेगडीची बटणंसुद्धा परकी. ज्याला घरात काम नाही त्याचा हिवाळा सगळ्यात लांब असतो, हे मी आईकडे बघून शिकलो.

आमच्याकडे हे काम म्हणजे संक्रांतीचा हलवा. दुकानातला नाही, घरी केलेला काटेरी. हलव्याला थंड आणि कोरडी हवा लागते, म्हणून तर आपल्याकडे बायका पहाटेच्या गारठ्यात करायला बसतात. इथे तर हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. बाहेरच्या गोठलेल्या हवेत बाष्प नसतंच, तीच आत येऊन तापली की आर्द्रता पार खाली जाते. त्या कोरडेपणाचा एवढा एकच उपयोग मला सापडलाय: पाक चटकन वाळतो आणि काटा सुरेख फुटतो. आईच्या मते सातारलाही इतका चांगला काटा कधी आला नव्हता.

कृती सासूबाईंना माहीत असेल, म्हणून थोडक्यात. अर्धी वाटी तीळ हलके भाजून घ्या. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून उकळा, चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढा, गाळा. पाक एकतारीच्या अलीकडेच थांबवायचा, बोटाला चिकट लागला की पुरे. जाड बुडाच्या पसरट भांड्यात तीळ, खाली अगदी मंद आच, त्यावर चहाचा एक चमचा पाक. बोटांच्या टोकांनी अलगद फिरवत राहायचं. पूर्ण सुकला की दुसरा चमचा. घाई करून दोन चमचे एकदम टाकलेत की तिळांचे गठ्ठे होतात. भांड्याला साखर धरली की ती खरवडून, भांडं पुसून पुन्हा सुरू. पहिल्या दिवशी नुसते पांढरे तीळ दिसतात आणि हे काही होणार नाही असं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाणा फुगतो, मग काटे दिसायला लागतात. त्यानंतर हात आणखी हलका ठेवायचा, दाबलात की मोडतात.

इथली अडचण शेगडीची. विजेची कॉइल सगळ्यात कमी ठेवली तरी ती मधूनच लाल होते, मधूनच विझते आणि खालचे तीळ करपतात. कॉइलवर जाड लोखंडी तवा ठेवून त्यावर भांडं ठेवा, आच सारखी राहते. घरात ह्युमिडिफायर असेल तर तेवढा वेळ बंद. आणि पाक गरम असतो तोवर मुलाला ओट्यापासून लांब, यात तडजोड नको. त्याचं काम नंतरचं: जाड कागदाचा मुकुट कापून द्यायचा आणि त्यावर दाणे चिकटवायचे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करता येतं. चार वर्षांचा आहे म्हणजे चालेल, त्याचे दागिने त्यालाच करू द्या. वेडेवाकडे होतील. बोरं ताजी मिळणं कठीण, पण चिनी दुकानात सुकी लाल जुजुबी मिळते, ती बोराच्याच कुळातली. चुरमुरे आणि गोळ्या आहेतच. उसाचे तुकडे भारतीय दुकानात गोठवलेले मिळतात. लहान मुलाला ते गिळू देऊ नका, नुसते डोक्यावरून ओतायला.

संक्रांत उलटून गेली असली तरी हलवा करायला बंदी नाही. किंवा डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू घ्या, पण ते एका दुपारी संपतात. काम संपू नये हाच इथे मुद्दा आहे.

संध्याकाळ हा वेगळाच विषय. इथे डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पाच ते आठ हा वेळ खायला उठतो. आमच्याकडे त्या वेळेला पत्ते ठरलेले. तुमच्या मुलाला बदाम सात आणि गाढव जमेल, आकडेही पाठ होतील. मोठ्यांना पाच-तीन-दोन. चौथं माणूस मिळालं तर मेंढीकोट, आणि चौथं माणूस मिळवाच. त्याच मजल्यावर कुणीतरी तुमच्यासारखंच बसलेलं असतं, भाषा कुठलीही असो. आमच्या गयानीज आजी मेंढीकोटात पुढे मलाच हरवायला लागल्या. कॅरम असेल तर बोर्ड हीटरला टेकवून उभा ठेवू नका, वाकतो.

टीव्हीला माझा विरोध नाही. फक्त तो सकाळी लावू नका, सकाळी लावला की दिवस तिथेच संपतो. सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड फुकट आहे, शहरात शंभर शाखा आहेत. मुलासाठी पिशवीभर चित्रांची पुस्तकं एकदम आणा.

आणि घरात रमायचं असेल तर रोज दुपारी थोडा वेळ बाहेर पडाच, हे ऐकायला उलटं वाटेल. उजेड डोळ्यांवर पडला की संध्याकाळ सुसह्य होते. हवामानाच्या ॲपमध्ये तापमान सोडून विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, बघा. तो उणे २८ किंवा त्याखाली असेल तर उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, त्या दिवशी खिडकीशीच बसा. मन फारच खालावत असेल, सकाळी उठवतच नसेल, तर त्याला आळस म्हणू नका, डॉक्टरांशी बोला. दहा हजार लक्सचे (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवे मिळतात, सकाळी अर्धा तास समोर ठेवतात. आमच्या घरी एकाला उपयोग झाला. मी डॉक्टर नाही आणि डोळ्यांचा आजार असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय वापरूच नये.

आणखी दोन गोष्टी. फोडणीने स्मोक अलार्म वाजत असेल म्हणून त्यावर पिशवी बांधू नका. तसं करणं बेकायदा आहे, आणि आग लागली तर कळणारही नाही. एक्झॉस्ट आधी लावा, खिडकी बोटभर उघडा, मोहरी मग टाका. कढीपत्त्याची कुंडी आणली असेल तर हिवाळ्यात पानं गळतील, घाबरून रोज पाणी घालू नका. वरची माती सुकल्यावरच घालायचं. इथे थंडीत कढीपत्ता मरतो तो बहुतेक वेळा जास्त पाण्याने.

शेवटी इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही, त्याबद्दल विचारलंय. ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवायचा सल्ला सगळे देतात, पण तो जुन्या पिवळ्या बल्बच्या ओव्हनसाठी आहे. तुमच्याकडे एलईडी असेल तर त्याची ऊब लागत नाही आणि पीठ तसंच बसून राहतं. बंद ओव्हनमध्ये पिठाशेजारी कढत पाण्याचं पातेलं ठेवा, झोपताना पाणी बदला. आणि भांडं अर्धंच भरा, नाहीतर फुगून ओव्हनभर होतं.