शांघायमध्ये एकच संध्याकाळ हाताशी आहे. लुजियाझुई या व्यापारी भागातले आयएफसीचे (इंटरनॅशनल फायनान्स सेंटर) जुळे टॉवर आईवडिलांना दाखवण्यासारखे आहेत का?

जरूर दाखवा. फक्त आत कमी फिरवा, बाहेरून निवांत दाखवा. मी अडीच वर्षं लुजियाझुईत नोकरी केली आणि रोज सकाळी मेट्रोतून उतरून याच इमारतींच्या पोटातून ऑफिसला जायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॅक्सीनं गेलात तर 'गुओजिन' म्हणा, तिथले लोक सहसा हेच नाव घेतात. पण मेट्रोच बरी. 2 नंबरची लाइन थेट लुजियाझुई स्टेशनला आणते.

जुळे म्हणत असले तरी दोघं सारखे नाहीत. दक्षिणेकडचा टॉवर 250 मीटरचा, उत्तरेकडचा 260. आराखडा सेझार पेली यांचा, म्हणजे क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर ज्यांचे, त्यांचाच. इथे मात्र त्यांनी काचेच्या भिंतींना हिऱ्यासारखे पैलू पाडलेत आणि माथे तिरके छाटलेत. जवळच 632 मीटरचा शांघाय टॉवर असल्यामुळे पहिल्या नजरेत हे लहान वाटतील. थोडा वेळ द्या. मला स्वतःला त्या सगळ्या गर्दीत हेच दोघे सर्वांत देखणे वाटतात.

दक्षिण टॉवरमध्ये एचएसबीसीचं चीनमधलं मुख्यालय आहे आणि वरच्या 18 मजल्यांवर रिट्झ-कार्लटन हॉटेल. पायथ्याशी मॉल. तिथली दुकानं महागड्या ब्रँडची, त्यात वेळ घालवू नका.

मला खरं अप्रूप आहे ते या सगळ्याच्या जोडणीचं. लुजियाझुईचे रस्ते अवाढव्य आहेत, तिथून निघणारा सेंच्युरी ॲव्हेन्यू तर 100 मीटर रुंद. पायी चालणाऱ्याला असा रस्ता ओलांडणं म्हणजे परीक्षाच. आता स्टेशनातून मॉलच्या तळघरात, तिथून सरकत्या जिन्यानं वर आणि मग चौकावरच्या गोल पादचारी पुलावर, असं एकही रस्ता न ओलांडता जाता येतं. जूनच्या पावसात मी छत्री न उघडता ऑफिस गाठायचो. आईंचे गुडघे दुखत असतील तर ही सोय त्यांना नक्की कळेल.

पुलावरून खाली काचेचा एक गोल मनोरा दिसेल. 12 मीटर उंच, ॲपलच्या दुकानाचं ते दार. दुकान जमिनीखाली आहे. माझे बाबा आले होते, तेव्हा ते त्या मनोऱ्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. जन्मभर फिटरचं काम केलेला माणूस. हात लावून लावून बघत होते. मग म्हणाले, "अरे, याला आडवा सांधाच नाही!" खरंच नाही. प्रत्येक काच खालपासून वरपर्यंत अखंड आहे, आणि तीही वाकवलेली. नंतर गावी गेल्यावर त्यांनी शांघायबद्दल लोकांना सगळ्यात आधी हेच सांगितलं.

एवढं बघून झालं की सूर्यास्ताच्या तासभर आधी परत 2 नंबरची लाइन पकडा. नदीखालून एकच स्टेशन, ईस्ट नानजिंग रोड. तिथून चालत बंडवर, म्हणजे नदीकाठच्या फिरायच्या रस्त्यावर या. मागे जुन्या इमारती आहेत. त्यातली घुमटाची 1923 ची, एचएसबीसीनंच बांधलेली. 1955 मध्ये बँकेनं ती सोडली आणि आता तिचं चीनमधलं मुख्यालय बरोबर पैलतीरावर आहे. थोडं पुढे हिरव्या टोकदार छपराचं पीस हॉटेल दिसेल, तेही आईवडिलांना दाखवा. 1929 मध्ये ते ससून घराण्यानं उभारलं. पुण्याचं ससून रुग्णालय आणि मुंबईचा ससून डॉक ज्यांच्यामुळे, तेच हे घराणं.

मग कठड्याशी नदीकडे तोंड करून उभे राहा. ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि पैलतीरावरच्या त्या तिरक्या काचांवर पडतं. आधी एक पैलू उजळतो, मग शेजारचा. दिवे लागायच्या आधीची ती पंधरा-वीस मिनिटं चुकवू नका.