थरापेक्षा सांधा बघ

प्रिय मित्रा,

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या खोल दरीतले जीवाश्म असलेले थर बायबलमधल्या नोआच्या जलप्रलयात वर्षभरात साचले, असं मानणाऱ्यांशी वाद घालणार असशील, तर 'भूशास्त्रात सगळं संथच घडतं' हे वाक्य आधी टाकून दे. ते चूक आहे आणि समोरचा त्यावरच टपलेला असतो. वॉशिंग्टन राज्यातला ओसाड खडकाळ प्रदेश महापुरानं कोरला, असं भूशास्त्रज्ञ जे. हार्लन ब्रेट्झ यांनी 1923 मध्ये मांडलं. कित्येक दशकं त्यांना विरोध झाला, पण मिझुला हिमसरोवराचा बर्फाचा बांध फुटल्याचा पुरावा अखेर पटला. 1979 मध्ये त्यांना पेनरोज पदक हा भूशास्त्रातला मोठा सन्मान मिळाला. पुरावा असेल तर पूर भूशास्त्राला चालतो.

थराची जाडीही सोड. जाड थर झटपट साचू शकतो. बघायचा तो दोन थरांमधला सांधा. सगळ्यात भक्कम जागा म्हणजे ग्रँड कॅन्यनमधल्या रेडवॉल चुनखडी या थराचा माथा. तिथे पाण्यानं चुनखडी विरघळून झालेल्या गुहा आणि खळगे आहेत, काही ठिकाणी 100 मीटरहून खोल दऱ्याही. त्यांत सरप्राइज कॅन्यन हा निराळाच थर भरलाय. तळाशी नदीचे गोटे, वर समुद्री गाळ. आता क्रम लाव: चुनखडी समुद्रात साचली, घट्ट झाली, उघडी पडली, विरघळली, कोरली गेली, भरली, मग वर सुपाई गटाचे थर आले. ओल्या चिखलात गुहेचं छत टिकत नाही. हे सगळं एका वर्षात बसवून दाखवा म्हणावं.

तिथल्याच कोकोनिनो वालुकाश्मातले तिरपे थर वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांचे मानले जातात; त्यांचा कोन मोजताना कड्याच्या एकाच बाजूवर क्लायनोमीटर लावू नकोस. तिथे बहुधा खऱ्यापेक्षा कमी कोन दिसतो. वेगळ्या दिशेच्या दोन बाजूंवर मोजून खरा कोन काढ. वरच्या थरांच्या दाबानंही तो कमी होतो, त्यामुळे नुसत्या कोनावर 'हे वाळवंट' म्हणू नकोस. विंचवा-कोळ्यांच्या चालीसारखे ठसे सोबत दाखव. त्याखालच्या हर्मिट शेल या थरातल्या वाळू भरलेल्या भेगा, म्हणजे चिखल वाळल्याची खूण, मात्र पहिल्याच फटक्यात काढू नकोस. भूकंपानं वाळू आत घुसली, असं त्यांचं उत्तर तयार असतं, आणि तुझा अर्धा तास तिथेच जातो.

वय काढायच्या कार्बन-14 पद्धतीवर तर अडकूच नकोस. त्याचं अर्धायुष्य सुमारे 5730 वर्षं, पोच साधारण 50,000 वर्षांपर्यंत. या थरांचं वय त्यावरून कुणी काढतच नाही.

कळावे.