अमॉर्फस सिलिकॉनमध्ये अणू अस्ताव्यस्त असतात, तरी त्याचा ट्रान्झिस्टर चालतो कसा? आणि नॅनोक्रिस्टलाइन म्हणजे नक्की काय?

अस्ताव्यस्त हा शब्दच जरा फसवा आहे. मी एमएस्सीच्या प्रोजेक्टला काचेवर सिलिकॉनचे थर चढवायचो, त्यामुळे थोडंफार सांगू शकतो.

अमॉर्फसमध्येही जवळजवळ प्रत्येक अणूला चार शेजारी असतातच, बंधाची लांबी पण साधारण तीच, फक्त कोन वाकडेतिकडे आणि चार-पाच अणू पुढे गेलं की आधीच्या रांगेचा पत्ता नाही. पण बँडगॅपला (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, जिच्यामुळे सिलिकॉन सेमीकंडक्टर ठरतो) एवढा शेजार पुरतो. खरी बोंब तुटक्या बंधांची. काही अणूंचा चौथा हात मोकळा राहतो (डँगलिंग बाँड), इलेक्ट्रॉन तिथे अडकतात, आणि असे हात इतके असतात की डोपिंग (वीज नीट वाहावी म्हणून मुद्दाम केलेली थोडी भेसळ) करा नाहीतर करू नका, सगळं तेच गिळतात.

त्यावर उतारा म्हणजे हायड्रोजन. सायलेन वायूचा (सिलिकॉन आणि हायड्रोजनचा) प्लाझ्मा करून 200-300 अंशाला थर बसवला की साधारण 10 टक्के हायड्रोजन आत राहतो आणि मोकळे हात धरतो. असा थर डोप होतो हे 1975 ला डंडी विद्यापीठात स्पिअर आणि लेकोंबर यांनी दाखवलं, पुढच्याच वर्षी आरसीए या अमेरिकन कंपनीत कार्लसन-रॉन्स्कीनी सोलर सेल केला. एवढ्या कमी तापमानाला साधी काच टिकते, म्हणून तर एलसीडी स्क्रीन झाले. मोबिलिटी (इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात ते) मात्र जेमतेम 1 cm²/Vs, स्फटिकी सिलिकॉनची 1400 च्या घरात! पण पिक्सेलच्या ट्रान्झिस्टरला सेकंदाला 60 वेळा दार उघडून थोडा चार्ज आत सोडायचा असतो, त्याला 1 पण चालते. ओलेड स्क्रीनमध्ये पिक्सेल स्वतःच उजळतो, त्याला सतत करंट लागतो, तिथे हे दमतं.

आता गंमत. माझ्या एका सॅम्पलची कंडक्टिव्हिटी दिव्याखाली तासागणिक उतरत होती, मी दोन दिवस कॉन्टॅक्ट पुन्हा पुन्हा लावत बसलो. सर म्हणाले, 150 अंशाला दोन तास ठेव आणि मग मोज. मोजलं तर जवळपास पहिल्यासारखं! हाच स्टेब्लर-रॉन्स्की इफेक्ट, 1977 चा. उजेडाने नवीन तुटके हात तयार होतात, तापवलं की भरून येतात. उन्हात ठेवायच्या वस्तूला उन्हानेच धाप लागते, काय बोलणार.

नॅनोक्रिस्टलाइन म्हणजे त्याच मशीनमध्ये सायलेन कमी आणि हायड्रोजन भरपूर. प्लाझ्मातला हायड्रोजन कच्चे बंध खरवडून काढतो आणि काही नॅनोमीटरचे स्फटिककण अमॉर्फस गाऱ्यात उगवतात. रामन स्पेक्ट्रममध्ये (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून अणूंची कंपनं दाखवणारा आलेख) हे डोळ्यांनी दिसतं, आधी 480 cm⁻¹ ला नुसता बसका उंचवटा असतो, हायड्रोजन वाढवत नेला की एका रनमध्ये 520 च्या अलीकडे टोक वर येतं. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा प्रिंट काढून वहीत चिकटवलं होतं. हा थर उजेडात बराच टिकतो, पण प्रकाश कमी शोषतो म्हणून जाड लागतो, आणि कणांच्या फटींतून ऑक्सिजन शिरतो ते वेगळंच.

नुसत्या अमॉर्फस सिलिकॉनची पॅनेल आता फारशी कोणी घेत नाही, पण हेटरोजंक्शन (दोन वेगळ्या थरांच्या जोडाच्या) सोलर सेलमध्ये तेच सिलिकॉन 5-10 नॅनोमीटर जाडीत चांगल्या स्फटिकी वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) लावतात, कारण वेफर कितीही नीट असला तरी कापलेल्या पृष्ठभागावर हात मोकळे राहतातच.